विममधलं ऑटोकम्प्लीट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टर्मिनलमध्ये विम वापरायला लागलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: कोडच्या सूचना हव्यात ना, मग आधी प्लगइन मॅनेजर टाक, मग नोड-जेएस, मग आणखी चार प्लगइन. कमी रॅमच्या सर्व्हरवर किंवा जुन्या लॅपटॉपवर हा संसार थाटण्याआधी संपादकात मुळात काय आहे ते पाहिलेलं बरं.

गैरसमज: प्लगइनशिवाय विम काहीच सुचवत नाही.

वस्तुस्थिती: इन्सर्ट मोडमध्ये शब्दाची दोन-तीन अक्षरं टाइप करून कंट्रोल-एन दाबा. उघडलेल्या फायलींमधले जुळणारे शब्द यादीत येतात. कंट्रोल-पी हेच काम उलट दिशेनं, कर्सरपासून वर शोधत करतो. नुकतंच लिहिलेलं व्हेरिएबल बहुधा वरच असतं, त्यामुळे रोजच्या कामात पी जास्त हाताशी येतो. सूचनांची तरंगती यादीही नवी नाही. ती 2006 मधल्या विम 7.0 पासून आहे.

गैरसमज: पण ते फक्त सुटे शब्द सुचवतं.

वस्तुस्थिती: कंट्रोल-एक्स दाबून पुढची कळ दिली की स्रोत बदलतो. त्यानंतर कंट्रोल-एफ दिलं तर फायलींची नावं व पाथ, कंट्रोल-एल दिलं तर आधी लिहिलेली अख्खी ओळ, कंट्रोल-ओ दिलं तर त्या भाषेनुसार ठरणाऱ्या ऑम्नी सूचना मिळतात. ऑम्नीसाठी फाइलटाइप प्लगइन चालू हवेत. पायथनच्या बाबतीत तर विम पायथनच्या आधारासह बांधलेला असावा लागतो. न उघडलेल्या फायलींतली फंक्शनची नावं हवी असतील तर प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमध्ये युनिव्हर्सल सीटॅग्ज चालवा. तयार झालेली टॅग्ज फाइल विम आपसूक वाचतो. मात्र कोड बदलला की ती शिळी होते, पुन्हा बनवावी लागते.

गैरसमज: मोठ्या प्रोजेक्टमध्ये हे अडखळतं, म्हणजे ते निकामी आहे.

वस्तुस्थिती: अडखळण्याचं नेहमीचं कारण एक अक्षर आहे. कुठे-कुठे शोधायचं हे 'कम्प्लीट' नावाचा पर्याय ठरवतो. विमच्या बहुतेक आवृत्त्यांत त्यात मुळातच 'आय' असतो, म्हणजे इन्क्लूड केलेल्या फायलीही धुंडाळायच्या. सी किंवा सी++ मध्ये एक हेडर दुसऱ्याला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला, आणि विम सगळे वाचत बसतो. तो 'आय' काढून टाका. विमपासूनच निघालेल्या निओविम या संपादकानं तो मूळ यादीतूनच वगळला आहे.

गैरसमज: कंट्रोल-पी दाबून काही होत नाही, म्हणजे विमचं सेटिंग बिघडलं.

वस्तुस्थिती: डॉकर कंटेनरच्या आत विम चालवत असाल तर दोष विमचा नाही. कंटेनरमधून बाहेर पडण्यासाठी डॉकरनं कंट्रोल-पी, कंट्रोल-क्यू ही जोडी राखून ठेवली आहे, त्यामुळे पहिला कंट्रोल-पी तोच अडवून धरतो. डॉकरच्या सेटिंगमध्ये ही जोडी बदलता येते, नाहीतर कंट्रोल-एन वापरा.

गैरसमज: लँग्वेज सर्व्हर म्हणजे प्लगइनांचा ढीग आणि जड संपादक.

वस्तुस्थिती: मायक्रोसॉफ्टनं 2016 मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्यात भाषेची जाण असलेला प्रोग्रॅम संपादकाबाहेर चालतो आणि दोघं जेसन संदेशांतून बोलतात. निओविममध्ये यासाठीचा क्लायंट 0.5 आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून अंगचाच आहे. 2025 च्या 0.11 आवृत्तीत सर्व्हर जोडणं आणि त्याच्या सूचना आपोआप दाखवणं मोजक्या ओळींत होतं. भार पडतो तो सर्व्हरचा. रस्ट-अ‍ॅनालायझर किंवा क्लँगडी पूर्ण प्रोजेक्टची अनुक्रमणिका बांधतात. मोठ्या प्रोजेक्टमध्ये त्यासाठी गिगाबाइटच्या घरात रॅम लागू शकते. म्हणून हलकेपणा जोखताना संपादकासोबत सर्व्हरची मेमरीही टॉप किंवा एचटॉपमध्ये पाहा.

गैरसमज: यादीत आलं, म्हणजे नाव बरोबर आहे.

वस्तुस्थिती: कंट्रोल-एनला व्याकरण कळत नाही, तो फक्त अक्षरं जुळवतो. एकदा चुकीचं टाइप केलेलं नाव तो तितक्याच इमानदारीनं पुन्हा सुचवतो, कॉमेंटमधले शब्दही यादीत आणतो. एखाद्या ऑब्जेक्टवर कोणती मेथड चालते हे सांगण्यासाठी प्रकारांची माहिती लागते, आणि लँग्वेज सर्व्हरचं खरं मोल तिथेच आहे.

त्यामुळे सुरुवात तळापासून करा. 'कम्प्लीट'मधून 'आय' काढा. 'कम्प्लीटऑप्ट'मध्ये 'मेनूवन' आणि 'नोसिलेक्ट' ठेवा, म्हणजे एकच पर्याय असला तरी यादी दिसेल आणि तुम्ही निवडल्याशिवाय काही घुसणार नाही. अनेक फायलींचा प्रोजेक्ट असेल तर टॅग्ज जोडा. शंभर ओळींच्या शेल स्क्रिप्टला किंवा सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलला याच्या पुढे जावंच लागत नाही. अनोळखी लायब्ररीच्या मेथड शोधण्यात वेळ जाऊ लागला, की मग त्या एका भाषेचा सर्व्हर लावा.