आकाशवाणीचा एक दिवस आणि आपले घर

पांढुर्णा व सौंसर हा मुलूख राज्याने मध्यप्रदेशातील, परंतु बोलीने नागपूरकडील. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर ही विदर्भासह मुंबई राज्यात गेली, आणि आपला भाग छिंदवाडा जिल्ह्यासह मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. तरी कचेरीत हिंदी आणि चुलीपाशी मराठी हा आपला क्रम काही पालटला नाही. अशा घरांत शुद्ध व सुसंस्कृत मराठी दररोज ऐकू यावी कोठून? पुष्कळ वर्षे या प्रश्नाचे एक उत्तर होते, ते म्हणजे आकाशवाणी.

नागपूर केंद्राचा आरंभ १६ जुलै १९४८ रोजी झाला. नागपूर येथून शंभर किलोमीटरांच्या आतच. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत प्रवास करितात, त्यामुळे जवळचे केंद्र स्वच्छ ऐकू येते. रात्री त्याच लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून खाली येतात आणि दूरदूरची केंद्रेही लागू लागतात. म्हणून आपल्याकडे दिवसा नागपूर स्पष्ट ऐकू येई, आणि रात्री काटा फिरविणाऱ्यास अनेक भाषा भेटत.

दिवसाचा प्रारंभ त्या परिचित सुरावटीने होई. ती १९३६ च्या सुमारास वाल्टर काउफमान या बोहेमियातून मुंबईस आलेल्या ज्यू संगीतकाराने रचिली. मायभूमीस पारख्या झालेल्या एका परदेशीयाच्या सुरांवर आपली खेडी जागी होत, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

त्यानंतर बातम्या. वृत्तनिवेदकास मोजकी मिनिटे मिळत. तेवढ्यात देश, विदेश, पाऊसपाणी सारे बसवावे लागे. साहजिकच प्रत्येक शब्द तोलून घेतला जाई. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांनाही जगाची वार्ता साक्षराच्या बरोबरीने कळू लागली, हा लाभ लहान नव्हे. तथापि दोषही सांगितला पाहिजे. आकाशवाणी सरकारच्या हाती होती, आणि १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात तिच्यावरून एकच बाजू ऐकू येई. १९९७ साली प्रसार भारती ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. ऐकणाऱ्याने ऐकावे, पण विचार करणे सोडू नये, हाच यातून घ्यावयाचा बोध.

सायंकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम असत. याविषयी १९५६ साली महाराष्ट्रात एक प्रयोग झाला, तो सर्व जगात गाजला. युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापिली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातील वीसेक माणसे एकत्र बसून ऐकत, मग आपसांत चर्चा करीत, आणि अडलेला प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. त्याचे उत्तर पुढे ध्वनिक्षेपित होई. परीक्षणाअंती असे आढळले की, निरक्षर सभासदांच्याही ज्ञानात चांगली भर पडली होती. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली. नुसते ऐकण्याने जे साधत नाही, ते ऐकून झाल्यावरच्या बोलण्याने साधते, हे त्या गावांनी सिद्ध केले.

आता विनोद. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ हा कार्यक्रम जुन्या श्रोत्यांना आजही आठवतो. त्यात प्रभाकर जोशी हे टेकाडे भावजी, नीलम प्रभू या मीनावहिनी, आणि बाळ कुडतरकर हे पंत. घरातील क्षुल्लक खटके, महागाई, शेजारपाजार, एवढेच काय ते भांडवल; परंतु त्यातून निर्माण होणारे हास्य आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी मिळून ऐकावे असे असे. कोणाची जात, व्यंग वा दारिद्र्य यांची टिंगल केल्यावाचून हसविता येते, याचा तो धडाच होता.

रात्री श्रुतिका अथवा नाटक. १९५६ पासून नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली, आणि तिच्या ‘हवामहल’मधील छोट्या नाटिका आपल्याकडे हिंदीतूनही आवडीने ऐकिल्या गेल्या. नारळाच्या करवंट्यांनी घोड्याच्या टापा, पत्रा हालवून मेघगर्जना! रंगमंच, पडदे, वेशभूषा हे सारे श्रोत्याच्या मनात उभे राही. मुलांची कल्पनाशक्ती वाढविण्यास याहून स्वस्त साधन आम्हांस माहीत नाही.

आज घरोघरी जितकी माणसे तितके मोबाइल आहेत. एकाच खोलीत पिता एक ऐकतो, पुत्र दुसरे, आणि माता तिसरे. कानांत बोंडे घातल्यामुळे एकाचे हसू दुसऱ्यास कळत नाही. दोष यंत्राचा नव्हे. त्याच मोबाइलवर आकाशवाणीची केंद्रे आजही ऐकता येतात. उणीव आहे ती एकत्र बसण्याची.

म्हणून आमची कुटुंबप्रमुखांस विनंती आहे. रात्रीच्या जेवणापूर्वी एक मराठी बातमीपत्र सर्वांनी मिळून ऐकावे, आणि आठवड्यातून एकदा एखादी श्रुतिका. ऐकून झाल्यावर दहा मिनिटे बोलावे: काय कळले, काय पटले नाही, कोणता शब्द नवा वाटला. हिंदी शाळेत शिकणारे मूल तो नवा मराठी शब्द आजीला विचारील, आणि आजीला सांगावयास काहीतरी मिळेल. भाषा टिकविण्यासाठी मोठ्या सभा भरतात तेव्हा भरोत. आपल्या घरी हे आजच आरंभिता येण्याजोगे आहे.