रंगीत ठिपक्यांचं दशक

बोलायला उशीर झालेलं मूल घेऊन माझ्यासारख्या स्पीच थेरपिस्टकडे येणारे आईवडील हल्ली पिशवीतून एक गुळगुळीत फाइल काढतात. मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन कुठल्याशा क्लासने बनवलेला ‘ब्रेन रिपोर्ट’. मेंदूचं चित्र, त्यात लाल-पिवळे भाग आणि भाषेच्या केंद्राला दिलेले टक्के. त्यासाठी हजारो रुपये मोजलेले असतात, आणि थेरपीचे मोलाचे महिने हातचे गेलेले असतात. बोटांच्या ठशांवरून मेंदूतल्या भाषेबद्दल काहीही कळत नाही. हे सांगताना मला संताप येतो, आणि तो एकट्या क्लासवाल्यावर नसतो. मेंदूचं रंगीत चित्र दिसलं की पुढे प्रश्न विचारायचा नाही, ही सवय लोकांना लागली 2000 ते 2010 या दशकात, आणि ती लावली स्कॅनमागे धावणाऱ्या आमच्याच दुनियेने.

त्याआधीचं भराभर सांगते. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोकाने ‘टॅन’ एवढंच बोलू शकणाऱ्या लेबोर्न या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या कपाळामागचा एक भाग बोलण्याशी जोडला. 1874 मध्ये कार्ल वेर्निकेने आणखी मागचा भाग समजण्याशी जोडला. पुढची शंभर वर्षं या दोन नावांवरच वर्ग चालले. 1980 मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवलं, की वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला की साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूची एक ठरावीक लहर उमटते. 1988 मध्ये सेंट लुईसच्या गटाने पेट स्कॅनवर सुटे शब्द वाचणारा-ऐकणारा मेंदू दाखवला. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक चुंबकाने टिपता येतो हे सिद्ध केलं, आणि 1992 पासून माणसांवर त्या तंत्राचे, म्हणजे एफएमआरआयचे, प्रयोग छापून येऊ लागले.

मग ते दशक आलं. मी स्पीच थेरपीत नवी होते, आणि प्रत्येक परिषदेत, प्रत्येक स्लाइडवर लाल ठिपके होते. यंत्र नेमकं काय मोजतं ते फार थोडे जण बोलत. माणूस बोगद्यात आडवा, डोक्याभोवती फोम, कानांत बोळे, तरीही धडधड ऐकू येतेच. समोर शब्द येतात. शब्द ओळखायला मेंदूला अर्धा सेकंदही लागत नाही; यंत्राला दिसणारा रक्तप्रवाहातला बदल मात्र पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. चित्रातला एकेक ठिपका म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा घन, आणि त्यात लाखो पेशी. मग पंधरा-वीस जणांचे मेंदू ओढूनताणून एका नमुना-मेंदूवर बसवायचे, सरासरी काढायची, आणि ठरवलेली मर्यादा ओलांडणाऱ्या घनांना लाल रंग द्यायचा. हा रंग संगणकावर भरलेला असतो. या रीतीने ब्रोकाच्या भागाला व्याकरण बहाल झालं, मग संगीत, हातवारे, गणित, स्मरण, सगळंच. एका जागेला इतकी कामं कशी, हा प्रश्न अनुत्तरित ठेवून लोक पुढचा लेख लिहायला घेत.

त्याच काळात एका वरिष्ठांनी पेशंटशी तासभर बोलून लिहिलेली माझी नोंद न वाचता परत केली. स्कॅन आहे ना, मग हे कशाला, असं त्यांचं म्हणणं. आजही त्यांना माझं उत्तर तेच आहे. मेंदूतला व्रण कुठे आहे ते स्कॅन दाखवतो. बायकोचं नाव न सापडणारा माणूस लहानपणीचं भजन सलग म्हणू शकतो, हे त्याच्याशेजारी बसल्याशिवाय कुणालाही कळत नाही.

2009 मध्ये क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’, आणि आकडेवारीतली आवश्यक दुरुस्ती वगळली तर माशाच्या मेंदूतही ‘सक्रिय’ ठिपके उमटतात हे मांडलं. लोक हसले आणि विसरले. तो इशारा होता. 2016 मध्ये आन्डर्स एकलुंड यांच्या गटाने दाखवलं, की सर्रास वापरल्या जाणाऱ्या काही पद्धतींत खोटे निष्कर्ष अपेक्षित पाच टक्क्यांऐवजी सत्तर टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतात. तोवर ती चित्रं पाठ्यपुस्तकांत आणि जाहिरातींत जाऊन बसली होती.

त्या दशकातलं मला सर्वांत प्रिय काम या झगमगाटाबाहेरचं आहे. सॅन डिएगोच्या एलिझाबेथ बेट्स भाषागणिक अफेजिया, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा हरवणं, वेगळा दिसतो, हे इंग्रजीपलीकडच्या रुग्णांसोबत काम करून सांगत राहिल्या. 2003 मध्ये त्यांनी निना ड्रॉन्कर्स आणि इतरांसह डाव्या मेंदूला इजा झालेल्या 101 रुग्णांचा अभ्यास छापला: व्रण नेमका कुठे, आणि त्या माणसाला बोलायला, समजायला किती जमतं, याचा घनाघनाने ताळा. त्याच वर्षी बेट्स गेल्या. त्यांच्यासारखं पेशंटकडून यंत्राकडे जाणारं माणूस मला पुन्हा क्वचितच दिसलं. ड्रॉन्कर्स यांनी 2007 मध्ये, पॅरिसमध्ये जपून ठेवलेला लेबोर्नचा मेंदूच एमआरआयमध्ये घातला. ब्रोकाने तो कापलाच नव्हता, वरून पाहिला होता. व्रण आत खोलवर, जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेला निघाला. ज्या रुग्णावरून ‘ब्रोकाचा भाग’ ठरला, त्याचं नुकसान त्या भागापुरतं कधीच नव्हतं.

आणि दशक संपता संपता, 2010 मध्ये, एमआयटीच्या एव्हेलिना फेडोरेन्को यांनी सरासरीलाच हात घातला. शंभर घरांतल्या मिठाच्या बरणीच्या जागांची सरासरी काढली, तर ती कदाचित कुठल्याच फडताळात सापडणार नाही; मेंदूच्या घड्यांचंही तसंच आहे. त्यांनी प्रत्येकाला स्कॅनरमध्ये कधी वाक्यं तर कधी अर्थहीन शब्दांच्या ओळी वाचायला दिल्या, आणि त्या फरकावरून त्या-त्या माणसाचा भाषेचा प्रदेश त्याच्याच मेंदूत शोधला. 2012 मध्ये उलगडा झाला: ब्रोकाच्या भागात भाषेसाठीची जागा आणि कोणत्याही अवघड कामात जागी होणारी जागा शेजारी-शेजारी आहेत. सरासरीत त्या एकमेकींत मिसळत होत्या, म्हणून तिथे सगळंच दिसत होतं. ब्रोकाचा भाग नेमकं काय करतो, या आधीची दहा वर्षं चाललेल्या भांडणाचं मूळ मोठ्या प्रमाणात इथे होतं, असं माझं ठाम मत आहे. 2022 मध्ये याच गटाने 45 भाषांच्या माणसांमध्ये, त्यात हिंदी आणि तमिळही होत्या, हाच प्रदेश दाखवला.

आपल्याकडे काय झालं? ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये देवनागरीतली ऱ्हस्व वेलांटी तपासली. ती अक्षराआधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, आणि वाचणाऱ्याला तिथे जास्त वेळ लागतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या गटाने देवनागरी वाचणारे मेंदू स्कॅन केले. हे काम मोलाचं आहे, आणि फार थोडं आहे. मराठीचे तर प्रश्नच वेगळे: ‘मुलाने आंबा खाल्ला’ आणि ‘मुलाने भाकरी खाल्ली’, क्रियापद मुलाला सोडून आंब्यामागे, भाकरीमागे जातं. स्ट्रोकनंतर हे जुळवताना माझे पेशंट अडखळतात. इंग्रजी वाक्यांवर रचलेल्या चाचणीत हा प्रश्न येतच नाही, आणि पेशंटला मात्र तिच्याच भाषांतरावर मार्क मिळतात.

आज जिल्ह्याच्या गावीही एमआरआय सेंटर आहे. अर्धांगवायूच्या पेशंटचा स्कॅन काही तासांत होतो, आणि घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर भाषेबद्दल लिहिलेलं असतं: ‘बोलणं अस्पष्ट’. त्याला समजतं का, वाचता येतं का, मोबाइलवर मुलीचं नाव शोधता येतं का, याची एक ओळही नसते. त्या कार्डावर या प्रश्नांसाठी छापील रकाने हवेत, आणि ते भरण्यासाठी मराठी वाक्यांतून, मराठी पेशंटांवर घडवलेली चाचणी हवी. सरकारी रुग्णालयांत स्पीच थेरपिस्टची पदं भरली, तर हे काम सुरू करायला नवं यंत्र घ्यावं लागणार नाही.