कॉलेज घडवणारे ३० विद्यार्थी

इमारती पूर्ण होण्याआधीच विद्यार्थी राहायला आले, असं इंजिनिअरिंग कॉलेज ऐकलंय?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नीडहॅमचं ऑलिन कॉलेज! २००१ साली आलेले ३० विद्यार्थी, म्हणजेच 'पार्टनर', १५ मुली आणि १५ मुलगे, वर्षभर तात्पुरत्या घरांत राहिले आणि प्राध्यापकांच्या बरोबरीने अभ्यासक्रम घडवू लागले. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर त्यांनी पाच आठवड्यांत बनवून दाखवला.

आजही कॉलेज छोटंच आहे, पट चारशेच्या आसपास. त्यामुळे सगळे एकमेकांना ओळखतात. वेगवेगळे विभाग नाहीत. आगीचे खेळ करणाऱ्यांचाही क्लब आहे. सत्र संपताना 'एक्स्पो'त विद्यार्थी आपापलं काम सगळ्यांसमोर मांडतात.

इंजिनिअरिंगला निघालेल्या भाचरांना हे जरूर वाचायला द्या.