मालगुजारी तलाव व जलवायुमानातील बदल

मालगुजारी तलाव : पूर्व विदर्भात भातशेतीच्या सिंचनासाठी बांधलेले जुने तलाव. गोंड राजवटीत कोहळी समाजातील शेतकऱ्यांनी यांपैकी अनेक तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे गेले व ‘माजी मालगुजारी’ किंवा ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले.

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुका वैनगंगेच्या पूर्वेस वसला आहे. या भागात वर्षाकाठी सु. १३० ते १५० सेंमी. पाऊस पडतो, त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. कठीण खडकात पाणी फारसे मुरत नाही. म्हणून उतारावर मातीची पाळ घालून ते अडविण्याची प्रथा पडली. रोवणीनंतर पावसाने ताण दिल्यास तलावाचे पाणी पाटाने बांध्यांत सोडतात. गुरांचे पाणी, मासेमारी व लगतच्या विहिरींची पातळीही या साठ्यावर अवलंबून असते.

तापमान १° से. ने वाढल्यास हवेची बाष्पधारणक्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते. मध्य भारतात १९५१–२००० या काळात मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या व मध्यम पावसाच्या घटल्या, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार १९५०–२०१५ या काळात तेथील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यामुळे वर्षाचा एकूण पाऊस पुरेसा असूनही ऐन रोवणीत पाणी अपुरे पडू शकते.

अशा परिस्थितीत तलावाचे महत्त्व वाढते. मात्र गाळाने उथळ झालेला तलाव एका जोरदार सरीतच भरतो आणि उरलेले पाणी सांडव्यावरून वाहून जाते. पुढच्या उघडिपीत त्याचा साठा लवकर संपतो. सांडवा अरुंद वा बुजलेला असल्यास पाणी पाळीवरून वाहून ती फुटण्याचा धोका असतो.

गाळ काढणे, पाळीची डागडुजी, सांडवा मोकळा ठेवणे व तलावात पाणी आणणाऱ्या नाल्यांतील अतिक्रमणे हटविणे, हे यावरील उपाय होत. राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. तथापि पाट सुटतो त्या पातळीखाली खोदून वाढविलेला साठा आपोआप शेतात उतरत नाही. तो गुरे, मासे व विहिरी यांच्याच उपयोगी पडतो. तळाचा चिकणमातीचा थर फोडल्यास पाणी झिरपून जाते. म्हणून किती खोदले यापेक्षा कोठे व कोणत्या पातळीपर्यंत खोदले, हे अधिक महत्त्वाचे ठरते.