ओट्याची कड आणि दहा मीटर

मनगटावरचं घड्याळ दहा मीटरवरून पडायचा प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यात येत नाही. ते आपटतं ओट्याच्या ग्रॅनाइटच्या कडेवर, जिन्याच्या कठड्यावर, लोकलच्या दारातल्या खांबावर, रिक्षात चढताना वरच्या लोखंडी दांडीवर. रात्री काढून ठेवलं तर फळीवरून फरशीवर. शिवाय घाम, पाऊस, भांड्यांचा साबण, कणकेचं पीठ. त्यामुळे रोज वापरायचं दणकट घड्याळ पारखताना जाहिरातीतल्या उंचीआधी हा बारीकसारीक मार पाहावा, असं माझं मत आहे. कॅसिओचं चौकोनी जी-शॉक, डीडब्ल्यू-५६००, मी उन्हाळ्यात हातात घातलं आणि पावसाळा सरेपर्यंत त्याला कुठेही जपलं नाही.

तरी दहा मीटरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण या घड्याळाचा सगळा आकार तिच्यातून घडला आहे. किकुओ इबे हे कॅसिओतले इंजिनिअर. वडिलांनी दिलेलं त्यांचं घड्याळ कामाच्या ठिकाणी कुणाचा तरी धक्का लागून पडलं आणि त्याचे तुकडे झाले. पडलं तरी न मोडणारं घड्याळ करायचं, एवढाच प्रस्ताव त्यांनी १९८१ मध्ये मांडला. तिघांची तुकडी कामाला लागली. दहा मीटरवरून पडून टिकावं, दहा बार पाण्याचा दाब सोसावा आणि सेल दहा वर्षं चालावा, असं तिहेरी ध्येय ठरलं. टोकियोजवळ हामुराला त्यांचं संशोधन केंद्र होतं. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या खिडकीतून इबे एकेक नमुना खाली टाकायचे आणि उतरून उचलून आणायचे. सुरुवातीला त्यांनी मशीनभोवती रबर गुंडाळत नेलं, तर मशीन वाचेपर्यंत गोळा मोठ्या चेंडूएवढा झाला. तो काही मनगटावर बसणारा नव्हता. मग लहान आकारात पाच थरांनी धक्का अडवायची रचना केली, तरी दर वेळी एक ना एक भाग तुटायचाच. एक सावरला की दुसरा जायचा. बागेत एक मुलगी चेंडू आपटत खेळत होती, ती पाहून त्यांना सुचलं: चेंडूच्या पोटात मधोमध काही तरंगत असेल, तर चेंडू आपटला तरी त्याला हादरा पोचणार नाही. मशीन आतल्या पेटीत घट्ट न बसवता मोजक्या बिंदूंवर टेकवून ठेवायचं ठरलं. दोनशेहून जास्त नमुने झाल्यावर एप्रिल १९८३ मध्ये डीडब्ल्यू-५०००सी बाजारात आलं.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. दहा मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीला टेकताना ताशी ५० किलोमीटरच्या वेगात असते. एक मीटरवरून पडली तर तो वेग ताशी १६ भरतो. वस्तू मोडेल की टिकेल हे वेगाइतकंच ती किती अंतरात थांबते यावर ठरतं. फरशीवर पडलेलं घड्याळ एक मीटर उंचीवरून येऊन एका मिलिमीटरात थांबलं, तर आतल्या प्रत्येक भागावर त्याच्या वजनाच्या हजारपट जोर येतो. थांबायला पाच मिलिमीटर मिळाले, तर तोच जोर दोनशेपटीवर येतो. बाहेरचं रेझिन दबतं, आतली रबरी गादी दबते, मशीन किंचित सरकतं. ही सगळी धडपड त्या चार-पाच मिलिमीटरांसाठी आहे.

‘शॉक रेझिस्टंट’ हे शब्द साध्या घड्याळांवरही असतात. त्यांच्यामागे आयएसओ १४१३ नावाचं मानक आहे. कडक लाकडावर एक मीटरवरून पडल्याएवढा धक्का लंबकासारख्या हातोड्याने द्यायचा, एकदा नऊच्या आकड्याच्या बाजूने आणि एकदा समोर काचेवर. आधीच्या पिढीच्या अनेक एचएमटी घड्याळांच्या तबकडीवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असायचं. त्यात तोलचक्राच्या केसाएवढ्या टोकांखालचा खडा स्प्रिंगवर टेकवलेला असतो, म्हणजे धक्का बसला की खडा हलतो आणि टोक वाचतं. तिथे एकाच नाजूक जागेचं रक्षण होतं, इथे सबंध मशीनचं.

हे घड्याळ टेबलावर पालथं ठेवून पाहा. काच टेबलाला लागत नाही. भोवतीची चौकट तिच्यापेक्षा किंचित उंच आहे आणि घड्याळ त्या चौकटीवर टेकतं. कडेवर उभं केलं तर बटणं टेकत नाहीत, कारण ती दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांमध्ये दडलेली आहेत. उताणं ठेवलं तर पट्ट्याची ताठ मुळं आधी टेकतात आणि मागची स्टीलची पट्टी अधांतरी राहते. मला या आकारातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. कुठूनही पडा, जमिनीला आधी लागणार तो मऊ भाग. ओट्याच्या कडेवर ते अनेकदा आदळलं. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर पांढुरके ओरखडे आले, काचेवर एकही नाही. मात्र टोकदार वस्तू थेट काचेवर आली तर चौकट काही करू शकत नाही. काच साध्या मिनरल जातीची आहे आणि वाळूच्या कणाने तिच्यावर रेघ पडू शकते. समुद्रावर जाऊन आल्यावर ती कापडाने पुसण्याआधी पाण्याखाली धरावी.

आतलं दृश्य पाहायला मिळालं दादरला, स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका घड्याळवाल्या काकांकडे. शेजाऱ्यांच्या जुन्या ५६०० चा सेल बदलायचा होता. काकांनी चार बारीक स्क्रू काढले आणि स्टीलची पट्टी उचलली, तर खाली मशीनऐवजी काळ्या रबराची गादी दिसली. तिला दोन-तीन भोकं, आणि एका भोकातून केसासारखी बारीक स्प्रिंग उभी. गजराचा आवाज देणारी चकती मागच्या पट्टीला चिकटवलेली असते आणि तिच्यापर्यंत वीज या स्प्रिंगमधून पोचते. स्प्रिंग उडून हरवली की घड्याळ चालतं, पण मुकं होतं. काकांनी ती आधी चिमट्याने काढून झाकणात ठेवली. मग क्लिप सोडवून सेल बदलला आणि ‘एसी’ अशी खूण असलेल्या ठिपक्यापासून सेलपर्यंत चिमटा क्षणभर टेकवला. आकडे जागेवर आले. वेळ सगळ्यात जास्त गेला तो कडेच्या खाचेतल्या रबरी रिंगवर. ती काढून पुसली, बोटावर ताणून चीर शोधली, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवला आणि पुन्हा खाचेत बसवली. “दादा, पाणी आत जातं ते या रिंगमुळे. सेल बदलणारे शंभर जण भेटतील, रिंग बघणारा शोधा,” काका म्हणाले. स्क्रू त्यांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांनी थोडे थोडे आवळले, म्हणजे रिंग सगळीकडून सारखी दबते.

पाठीवर लिहिलेले २० बार हे नव्या रिंगचे आहेत. तो आकडा २०० मीटर खोलीच्या स्थिर दाबाएवढा. भांडी घासणं, पावसात दुचाकी चालवणं, विहिरीत सूर मारणं यांना तो पुरून उरतो. पण रबर म्हातारं होतं आणि पट्टी उघडली की प्रत्येक वेळी रिंग नीट बसेलच असं नाही. म्हणून मला सौरऊर्जेवर चालणारा प्रकार जास्त दणकट वाटतो. त्यात सेल बदलायला घड्याळ वारंवार उघडावं लागत नाही. फक्त फुल शर्टाच्या बाहीखाली सदैव झाकून ठेवू नये, अधूनमधून खिडकीत ठेवावं.

बाहीचाच प्रश्न निघाला म्हणून सांगतो: १३.४ मिलिमीटर जाडी कफच्या आत सहज जात नाही. बटण लावलेला कफ घड्याळावर अडतो आणि दिवसभर वर सरकत राहतो. ऑफिसात फुल शर्ट घालणाऱ्याने दुकानात तोच शर्ट घालून जावं. वजन मात्र जेमतेम ५३ ग्रॅम. दोन-चार दिवसांत हात ते विसरतो, आणि रोजच्या घड्याळात मी या गुणाला सगळ्यात वरचं स्थान देईन. दडलेली बटणं दाबायला नखाचा जोर लागतो. त्या बदल्यात दुचाकीच्या हँडलवर मनगट मागे वळलं तरी ती आपोआप दाबली जात नाहीत. हा सौदा मला मान्य आहे. गजराचा आवाज मात्र बारीक आहे. चकती पाठीला असल्यामुळे मनगटावर तो आणखी दबतो. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनी औषधाच्या वेळेसाठी यावर विसंबू नये.

वेळ किती अचूक? कंपनी महिन्याला १५ सेकंद पुढेमागे असं सांगते. आत क्वार्ट्झचा इवलासा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्याची चाल साधारण २५ अंशांना जुळवलेली असते, आणि तापमान त्याच्या वर गेलं काय किंवा खाली गेलं काय, तो मागेच पडतो. हातावर घड्याळ शरीराच्या उबेने बऱ्यापैकी एकसारख्या तापमानात राहतं. तेच मे महिन्यात अकोल्यात ४५ अंशांत तापलेल्या गाडीत ठेवलं, तर तेवढ्या काळात दिवसाला सुमारे सव्वा सेकंदाच्या हिशेबाने मागे पडत जातं. घालून वापरलेलं क्वार्ट्झ घड्याळ पडून राहिलेल्यापेक्षा वेळेला पक्कं असतं ते यामुळे.

काही महागड्या मॉडेलमध्ये रेडिओवरून वेळ आपोआप जुळवायची सोय आहे. ती सहा केंद्रांच्या लहरी पकडते: दोन जपानमधली, एकेक चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतलं. भारतात असं केंद्र नाही. फ्रँकफुर्टला राहणाऱ्या मराठी माणसाने हे जरूर घ्यावं, कारण तिथून जर्मनीचं माइनफ्लिंगेनचं केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. पुण्या-नागपूरच्या माणसाने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

आता पट्टा. दणकट घड्याळाचं वय खरं तर इथे ठरतं, आणि ते कुठल्याही कंपनीच्या रेझिनला लागू आहे. हे पॉलियुरेथेन असतं. हवेतली वाफ आणि उष्णता यांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात. मग ते कडक होतं आणि भोकांपाशी किंवा मुळाशी तडकतं. जपून कपाटात ठेवलं म्हणून हे थांबत नाही. दादरच्या काकांच्या खोक्यात असे तुटलेले पट्टे ढिगाने होते, त्यातले काही फारसे घातलेलेही नव्हते. कोकणात, मुंबईत हे जरा लवकरच होणार. म्हणून घड्याळ घेण्याआधी त्याचा पट्टा आणि चौकट वेगळी मिळते का, कितीला मिळते, हे विचारावं. पट्ट्याच्या आतल्या खाचांत साबण आणि घाम साचून कातडीला खाज येते. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने साध्या पाण्यात धुतलं की माझं काम भागलं. बक्कल मात्र तक्रारीला जागा ठेवत नाही. खिळा घट्ट बसतो आणि गर्दीत कुणाच्या बॅगेत अडकला तरी सुटत नाही.

हा न सुटणारा पट्टा धोक्याचाही ठरू शकतो. लेथ, ड्रिल, कडबा कुट्टी, फिरणारा शाफ्ट यांच्याजवळ मनगटावर काहीही असू नये. कमजोर पट्टा कदाचित तुटेल. मजबूत पट्टा हात ओढून नेईल. दणकट घड्याळ कामगाराचं म्हणून विकलं जातं, तेव्हा ही सूचना मोठ्या अक्षरात द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

माझा भाचा बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर आहे. माझ्या हातातलं पाहून त्याला घ्यायचं होतं. दुकानात त्याची नजर काळ्या पडद्यावर पांढुरके आकडे असलेल्या प्रकारावर गेली. काउंटरच्या दिव्याखाली ते झकास दिसत होतं. “मामा, हेच बघ ना,” तो म्हणाला. दुकानदाराला विचारून आम्ही ते आणि साधं राखाडी पडद्याचं, अशी दोन्ही बाहेर फुटपाथवर नेली. दुपारच्या उन्हात हात शरीरापासून लांब, सळया मोजताना धरतात तसा धरायला लावला. राखाडीवरचे काळे आकडे तिरक्या नजरेलाही वाचता आले. काळ्या पडद्यावर वेळ शोधायला त्याला मनगट फिरवावं लागलं. त्याने साधं, सौरऊर्जेवरचं घेतलं. पाठीवरच्या चौकटीतला मॉड्युल नंबर पुस्तिकेशी जुळवून पाहिला, पट्ट्याची किंमत विचारून घेतली, आणि सळया वाकवायच्या मशीनपाशी जाताना ते काढून ठेवायचं माझ्याकडे कबूल केलं.