बाळाला कोण सांगतं, काय खायचं?

समजा, नऊ महिन्यांच्या बाळापुढे दहा-बारा वाट्या मांडल्या. एकीत दूध, एकीत अंडं, मग गाजर, पालक, बटाटा, केळं, शिजवलेले गहू, कलेजी आणि एका वाटीत नुसतं मीठ. बाळाला मोकळीक दिली, की हवं ते खा, हवं तितकं खा. काय होईल? बाळ केळ्याचा फडशा पाडेल आणि पालकाकडे ढुंकूनही बघणार नाही, हो ना?

क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी हे खरोखर करून पाहिलं. १९२६च्या सुमारास त्यांनी नुकतीच अंगावरून सुटलेली बाळं घेतली. मुलांची संख्या पुढे १५ झाली आणि त्यांतल्या काहींचं जेवण तर वर्षानुवर्षं नोंदवलं गेलं. यादी ३४ पदार्थांची होती. शेजारी चमचा घेऊन परिचारिका बसायची, पण तिला सक्त ताकीद होती. बाळाने हात पुढे केला किंवा बोट दाखवलं, तरच चमचा भरायचा. ‘हे खा’ म्हणायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, नाक मुरडायचं नाही. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून जे दिसलं, ते वाचताना अजूनही चकित व्हायला होतं.

पहिल्या जेवणाला बाळांनी काय चाखलं असेल? समोर होतं ते सगळं! अन्न तर चाखलंच, पण रिकामा चमचा, ताटाची कड, ताटावरचा कागदही चघळून बघितला. एखाद्या घासाने चेहऱ्यावर आश्चर्य, एखाद्याने पसंती, एखादा थू! मीठ तोंडात गेलं की ठसका लागायचा, रडू फुटायचं. तरी ते थुंकलं जात नसे आणि हात पुन्हा त्याच वाटीकडे वळायचा. काही दिवसांतच प्रत्येकाची आवड ठरली, आणि कुणाचीही आवड दुसऱ्यासारखी नव्हती. एखादं बाळ सकाळी अर्धा लिटरभर संत्र्याचा रस आणि वर कलेजी खायचं. दुसऱ्याच्या रात्रीच्या जेवणात अनेक अंडी, केळी आणि दूध. कुठलीही आजी हे पाहून कपाळाला हात लावेल. आणि तरी सगळी मुलं छान वाढली! एक बाळ मुडदूस घेऊनच आलं होतं. त्याच्या ताटात कॉड माशाच्या यकृताचं तेल ठेवलं होतं. ते त्याने अधूनमधून, मनाला येईल तसं घेतलं, आणि मुडदूस बरा झाल्यावर सोडून दिलं.

म्हणजे बाळाला पोषणशास्त्र उपजतच येतं? डेव्हिसबाईंचं उत्तर वेगळं होतं, आणि मला ते प्रयोगाहूनही सुंदर वाटतं. त्यांनी लिहिलं, की सगळी मेख यादीत आहे. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, मिठाई नव्हती, डब्यातलं काही नव्हतं. सगळं साधं, ताजं. त्यातून बाळाने जिभेच्या मर्जीने काहीही उचललं तरी शरीराला लागेल ते मिळून जायचं. थोडक्यात, काय आणायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, आणि त्यातलं काय नि किती खायचं हे लहानांनी.

मग ही यादी करायची कशी? १९१६ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने कॅरोलिन हंट यांची एक पुस्तिका काढली, खास लहान मुलांच्या खाण्याविषयीची. त्यात त्यांनी अन्नाचे पाच गट पाडले : दूध-मांस, धान्यं, भाज्या-फळं, स्निग्ध पदार्थ आणि साखर. जरा काळ बघा. जीवनसत्त्व ही कल्पनाच तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. ‘क’ जीवनसत्त्व तर अजून कुणी वेगळं काढून पाहिलेलंही नव्हतं! तरी ढोबळ गट बरेचसे बरोबर बसले. आपल्याकडे शाळेत शिकवतात ती विभागणी आणखी सुटसुटीत आहे, कारण ती अन्नाच्या कामावरून केलेली आहे. ऊर्जा देणारं, शरीर बांधणारं, आजारांपासून राखणारं. चार वर्षांच्या मुलाला ‘प्रथिनं’ कळत नाहीत, पण ‘हे पळायला, हे उंच व्हायला’ लगेच कळतं. शिवाय त्या वयाला वर्गवारीचा भारी नाद असतो. बटणं, गोट्या, पानं, जे हाती लागेल त्याचे ढीग! भाजीची पिशवी रिकामी करून त्याच्यासमोर ठेवली, की धडा सुरू.

पण खरी कमाल गट ओळखण्यात नाही, ते एकत्र आल्यावर काय घडतं त्यात आहे. घराघरांतल्या बाळाचं जेवण घ्या : मऊ भात, वरण, तूप आणि लिंबाची फोड. यात काय चाललेलं असतं?

शरीर आपली प्रथिनं सुमारे २० प्रकारच्या अमिनो आम्लांतून ओवतं. त्यांतली नऊ अन्नातूनच यावी लागतात. दसऱ्याचं तोरण आठवा. झेंडू, आंब्याचं पान, झेंडू, आंब्याचं पान. पानं संपली की झेंडूचा ढीग असूनही तोरण अडलं. भातात नेमकं लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं आणि तुरीच्या डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनिनची चणचण असते आणि ती भात भरून काढतो. एकाची उणीव ती दुसऱ्याची श्रीमंती! आणि शिल्लक राहिलेली अमिनो आम्लं शरीर उद्यासाठी ठेवत नाही, जाळून टाकतं. म्हणून हे दोघं निदान एकाच दिवसात भेटलेले बरे.

आता लिंबू. डाळीतलं लोह असतं अवघड. आतड्याला ते सहजासहजी शोषता येत नाही. लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व त्या लोहाचं रूप असं बदलतं, की ते सुलभपणे रक्तात उतरतं. मात्र दोन्ही पोटात एकाच वेळी हवीत. म्हणजे ती फोड ताटातच पिळायला हवी, संध्याकाळी सरबत करून भागत नाही! आणि तूप? गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांतल्या ज्या रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनतं, ते स्निग्धाशिवाय नीट शोषलंच जात नाही. भोपळ्याच्या भाजीवरची फोडणी चवीपुरती नसते, हे कळल्यावर कढईकडे बघण्याची नजरच बदलते.

हे सगळं खरं, पण पोरगं भोपळा तोंडात घेईल तर ना!

दोन वर्षांचं झालं, की काल गुण्यागोविंदाने खाणारं मूल आज प्रत्येक नव्या भाजीला ‘नको’ म्हणतं. हा हट्ट नाही. अनेक शास्त्रज्ञ याचं कारण उत्क्रांतीत शोधतात. चालायला लागलेलं मूल आईच्या नजरेआड जाणार, वाटेत दिसेल ते पान तोंडात घालणार. अशा वेळी अनोळखी आणि कडू ते टाळणारं मूलच वाचणार. तुमच्या कारल्याला नकार देणारी जीभ हजारो पिढ्यांची राखणदार आहे! तिला पटवायचं तर ओळख वाढवावी लागते. एखादी चव आवडायला मुलांना बहुधा आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते. नुसती पाहून चालत नाही. आपण तिसऱ्या वेळी ‘याला दोडका आवडत नाही’ असं जाहीर करून मोकळे होतो. आणि ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा? प्रयोगांत दिसलंय, की त्याने चॉकलेटचा भाव वाढतो आणि भाजी आणखी नावडती होते. बरोबरच आहे. जिच्यासाठी लाच द्यावी लागते, ती गोष्ट वाईटच असणार, एवढा हिशेब मुलाला येतो.

ओळखीची सुरुवात तर जन्माआधीच होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही गरोदर बायकांनी शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस घेतला. पुढे त्यांच्या बाळांना गाजराची चव असलेली पेज भरवली, तेव्हा त्यांनी इतर बाळांपेक्षा कमी वेळा तोंड वाकडं केलं. आईच्या जेवणाची चव गर्भजलात उतरते, नंतर दुधातही. डोहाळजेवणाच्या ताटाला दोघं जेवतात, हे शब्दशः खरं निघालं!

आणि सगळ्यांत परिणामकारक शिक्षक कोण? शेजारी बसलेलं दुसरं मूल. १९८० साली संशोधक लीअन बर्च यांनी एक साधी युक्ती केली. एक भाजी आवडणाऱ्या मुलाला, दुसरी भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांच्या पंक्तीत काही दिवस जेवायला बसवलं. कुणी काही शिकवलं नाही. मूल आपोआप त्यांची भाजी घ्यायला लागलं.

अशी पंगत आपल्याकडे अंगणवाडीत रोज बसते. बोर्डी या गावात १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि शाळाच अंगणात नेली. त्या अंगणवाडीचं नाव पुढे २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या सरकारी योजनेतल्या केंद्रांना मिळालं. तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं रोज एका ओळीत बसून गरम खिचडी, उसळ खातात. ताई गाणं म्हणत भाज्यांचे गट शिकवते, ते हवंच. पण मटकीकडे संशयाने बघणारा पोरगा ताईकडे बघत नसतो. तो शेजारच्या ताटाकडे बघत असतो. बर्च यांच्या प्रयोगातल्या मुलांना काही आठवड्यांनी पुन्हा एकेकटं तपासलं, तेव्हाही त्यांची बदललेली आवड टिकून होती.