मचाणाची नजर, अंदमानचं पाणी

ताडोबाच्या मोहर्ली फाटकातून जिप्सी बाहेर पडली की आत जाणारे एकच विचारतात, "दिसला का?" काय, ते सांगावं लागत नाही. अस्वल, सर्पगरुड, झाडाच्या बुंध्यावरचे नखांचे ओरखडे असं कितीही दिसलेलं असो, उत्तर ‘नाही’ असंच येतं. चंद्रपूर-गडचिरोलीची मंडळी हाच प्रश्न घेऊन स्कूबासाठी अंदमानला निघाली, तर वाघाच्या जागी मांटा रे किंवा व्हेल शार्क येईल आणि पहिलीच सहल हिरमुसून संपेल. पण या दोन जिल्ह्यांना पाहण्याची दुसरी रीतही ठाऊक आहे, ती मचाणाची. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसलेल्याला जनावरामागे धावता येत नाही. जे येईल ते, ज्या क्रमाने येईल तसं पाहावं लागतं. माझं म्हणणं असं की प्रवाळभित्ती नेमकी याच रीतीने उलगडते. म्हणून जंगलातल्या माणसाने या अनोळखी समुद्राकडे परक्यासारखं बघण्याचं कारण नाही.

तांत्रिक भाग उरकून घेऊ. कुस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये रेग्युलेटर बनवला. भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तो तोंडात देतो. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, कानांना दडे बसतात, नाक चिमटून हलकी फुंकर मारायची. लाल रंग सर्वांत आधी विरतो. डुबक्यांसाठी जायचं त्या अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चांगला हंगाम. एवढं पुरे.

आता खरा विषय. प्रवाळभित्तीवर ठरावीक जागा असतात, एखादा उंचवटा किंवा एखाद्या मोठ्या प्रवाळाचा कोपरा, जिथे बोटाएवढे निळे-काळे सफाई मासे, म्हणजे क्लीनर रास, ठाण मांडून असतात. मोठे मासे तिथे येतात, तोंड आणि कल्ले उघडून स्थिर राहतात आणि हे चिमुकले त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजलं, तेव्हा एक सफाई मासा दिवसाला सरासरी बाराशे परजीवी खातो असं दिसलं. पुढे त्यांनी काही छोट्या भित्तींवरून हे मासे काढून टाकले. दीड वर्षाने तिथे येणाऱ्या फिरत्या माशांच्या जाती इतर भित्तींच्या तुलनेत निम्म्याच होत्या. याहून गमतीची गोष्ट म्हणजे सफाई माशाला परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो. तो ओरबाडला की गिऱ्हाईक दचकतं. ग्रटर आणि रेदुआन ब्शारी यांनी २००६ मध्ये दाखवलं, की दुसरं गिऱ्हाईक बघत असेल तर हा मासा ओरबाडणं आवरतं घेतो. त्याच्यासारखाच दिसणारा, पण जवळ जाऊन लचका तोडणारा एक ब्लेनी मासाही तिथेच वावरतो. उन्हाळ्यातल्या पाणवठ्यावर कोण आधी येतं, कोण थबकतं, कोण कोणाला वाट देतं हे ज्याने रात्रभर पाहिलं आहे, त्याला या खडकापाशी काय बघायचं हे कोणी शिकवायला नको. जिप्सीच्या रीतीने फिरणारा मात्र पायांतल्या फिन्सच्या चार फटकाऱ्यांत हे सगळं मागे टाकतो. शिवाय अगदी जवळून कोणी गेलं की गिऱ्हाइकं उठून जातात.

पोपटमाशांचंही तसंच. त्यांतला सर्वांत मोठा, कपाळावर टेंगूळ असलेला मासा वर्षाला पाच टनांहून जास्त प्रवाळखडक चावतो आणि त्याची वाळू करून टाकतो. दातांचा कर्र आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. माकडाचा खोकला ऐकून मान वळवणाऱ्या कानांना हा आवाज निसटणार नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. टाकीत हवा मोजकी. तिथे मचाण कसलं? पण हिशेब उलटा आहे. हवा संपते ती हातपाय मारण्याने. दहा मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा दुप्पट हवा लागते, म्हणून धावपळ तिथे दुप्पट महाग पडते. संथ तरंगणारा जास्त वेळ खाली राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रशिक्षक हाताला धरून नेतो, त्याला थांबायची मुभाच नसते. हे खरं आहे. त्यावर उपाय ओपन वॉटर हा तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम. त्यासाठी दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं यावं लागतं, तेव्हा पोहणं आधी घरीच पक्कं करावं. अभ्यासक्रमासाठी मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे. मालवणचं पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, पण शिकायला ते वाईट नाही. गढुळात शिकलेला नितळात घाबरत नाही.

तिसरा आक्षेप अभिमानाचा : आमच्या कोरड्या मुलखाचा समुद्राशी संबंध काय? संबंध जुना आहे. गडचांदूर-कोरपना पट्ट्यातल्या सिमेंट कारखान्यांना लागणारा चुनखडक पैनगंगा समूहाचा, प्रोटेरोझोइक काळातल्या समुद्रतळाचा आहे. तो काळ संपूनच चौपन्न कोटी वर्षं झाली. त्या समुद्रात प्रवाळ नव्हते, मासेही नव्हते. चुन्याचा गाळ तेवढा थरावर थर बसत गेला. (हा खडक पायाखाली असताना जिल्ह्यात त्याची चर्चा फक्त सिमेंटच्या संदर्भात होते, हे मला पटत नाही.)

तेव्हा बेत असा करावा : पाच ठिकाणांच्या यादीऐवजी एकच भित्ती निवडून तिथे सकाळी, दुपारी आणि जमल्यास रात्री उतरावं. प्रशिक्षकाला आधीच सांगावं की आम्हाला सफाईची जागा दाखवा आणि दोन-तीन मीटर दूर थांबू द्या. अनेक दिवसांच्या डुबक्यांनंतर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. तो श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरमध्ये, नौदलाच्या ‘समुद्रिका’ संग्रहालयात घालवता येतो. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही पिशवीत टाकू नये. भित्ती बांधणारे प्रवाळ वाघासोबत वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि तिथल्या विमानतळावर सामान तपासताना ते शोधले जातात.